कमी दाबाने इंटरनेट

मार्च २०२०. श्रीनगरमधले एक सर्जन इंग्लंडच्या डॉक्टरांनी तयार केलेल्या, अतिदक्षता विभागासाठीच्या सूचना डाउनलोड करत होते. करोनाचे पहिले रुग्ण खोऱ्यात सापडू लागले होते. व्हेंटिलेटर कधी लावायचा, रुग्णाच्या घशात नळी घालताना स्वतःचा बचाव कसा करायचा, याची पक्की उत्तरं तेव्हा जगात कुणाकडेच नव्हती आणि जी होती ती रोज बदलत होती. फाइल होती २४ एमबीची. तास उलटला तरी ती उतरली नाही. डॉक्टरांनी वैतागून ट्विटरवर तेवढंच लिहिलं: चोवीस एमबी, एक तास, अजून नाही.

मी अभियांत्रिकीच्या मुलांना कॉम्प्युटर नेटवर्क्स शिकवते. ते ट्वीट वाचल्यावर मी कागद घेऊन हिशेब मांडला. एका बाइटचे आठ बिट, म्हणजे २४ एमबीचे झाले १९२ मेगाबिट. टू-जीवर सेकंदाला ५० किलोबिट मिळाले, तर एकदाही कनेक्शन न तुटता लागतात ६४ मिनिटं. फोर-जीवर साधारण वेग धरला, सेकंदाला १० मेगाबिट, तर वीस सेकंदांच्या आत काम होतं. डॉक्टरांच्या हातातला फोन फोर-जीचा होता, गावातले टॉवरही फोर-जीचे. मधला फरक कुणीतरी ठरवून ठेवलेला होता.

काश्मीरची ती कहाणी थोडक्यात सांगते, कारण आपल्याकडे अनेकांना ती ‘काही महिने इंटरनेट बंद होतं’ एवढीच आठवते. ५ ऑगस्ट २०१९ पासून फोन, मोबाइल, इंटरनेट सगळंच बंद झालं. लँडलाइन आणि कॉल टप्प्याटप्प्याने परत आले. जानेवारी २०२० मध्ये मोबाइल इंटरनेट परत आलं, पण टू-जीच्या वेगाने, आणि तेही सरकारने मंजूर केलेल्या संकेतस्थळांपुरतं. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात त्या यादीत ३०१ नावं होती. समाजमाध्यमं त्यात नव्हती. ४ मार्च २०२० ला यादी गेली आणि सगळी संकेतस्थळं कागदोपत्री खुली झाली. वेग मात्र टू-जीच राहिला. ऑगस्ट २०२० मध्ये गांदरबल आणि उधमपूर या दोन जिल्ह्यांना फोर-जी मिळालं. बाकीच्यांना ते मिळायला ५ फेब्रुवारी २०२१ उजाडला. दीड वर्ष झालं होतं.

या दीड वर्षातल्या शेवटच्या अकरा महिन्यांबद्दल मला बोलायचं आहे, कारण त्या काळात कुणी विचारलं तर ‘काश्मीरमध्ये इंटरनेट सुरू आहे’ हे उत्तर खरं होतं. बंद झालेल्या गोष्टीची बातमी होते. तिला तारीख असते, तिच्यावर अग्रलेख लिहिता येतो. मंद झालेल्या गोष्टीची बातमी कशी करणार? पान उघडतं, पण अर्धं. फोटो येतो, पण वरच्या दोन बोटांएवढा. व्हिडिओ चढवायला ठेवून माणूस झोपतो आणि सकाळी ‘अपलोड होऊ शकलं नाही’ असं वाचतो. फोनवर काढलेला मिनिटभराचा चांगल्या प्रतीचा व्हिडिओ सहज शंभर एमबीचा असतो. वरच्याच वेगाने तो पाठवायला साडेचार तास लागतील. म्हणजे एखाद्याच्या गल्लीत काय घडलं ते त्याने डोळ्यांनी पाहिलं, फोनमध्ये टिपलं, तरी ते त्याच्याकडेच राहणार. त्याला कुणी गप्प राहा म्हटलेलं नाही. त्याच्यावर खटला नाही. साधी नोटीससुद्धा नाही.

हे तंत्र चालतं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे, आणि इथे मला थोडं शिक्षकी पेशात शिरू द्या.

ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेपासून बर्कली विद्यापीठापर्यंतचं नेटवर्क कोसळलं. अंतर जेमतेम चारशे यार्ड. वेग सेकंदाला ३२ किलोबिटवरून ४० बिटवर आला. सगळे संगणक एकाच वेळी भरमसाट माहिती ओतत होते, वाटेत पाकिटं (माहितीचे छोटे तुकडे) गळत होती, आणि गळालेली पाकिटं सगळे पुन्हा त्याच जोराने पाठवत होते. तिथल्या व्हॅन जेकबसन यांनी यावर जो उपाय शोधला, तो १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आज इंटरनेट टिकून आहे ते बऱ्याच अंशी त्याच्यामुळे. उपाय असा: पाकीट हरवलं, तर पाठवणाऱ्याने समजायचं की रस्त्यात गर्दी आहे, आणि आपणहून वेग जवळपास निम्मा करायचा. मग हळूहळू वाढवत न्यायचा. पुन्हा पाकीट हरवलं की पुन्हा मागे सरायचं. कुणी पोलीस नाही, कुणी वाहतूक नियंत्रक नाही. जगभरचे अब्जावधी संगणक एकमेकांना न ओळखता एकमेकांसाठी जागा सोडतात. दर वर्षी हा भाग शिकवताना मला मनापासून आनंद होतो. माणसांनी बनवलेल्या यंत्रणांमध्ये इतकी सभ्यता क्वचितच असते.

विशिष्ट सेवेची गती मुद्दाम कमी करणारा या सभ्यतेचाच फायदा घेतो. तो मध्ये एक यंत्र बसवतो. यंत्र वाहतुकीवर नजर ठेवतं, जोडणी सुरू होताना उघडपणे जाणारं संकेतस्थळाचं नाव वाचतं, आणि नाव यादीतलं असेल तर ठरावीक वेगापलीकडची पाकिटं गुपचूप टाकून देतं. बाकीचं काम त्याला करावंच लागत नाही. पाठवणाऱ्या संगणकाला वाटतं, गर्दी झाली असावी. तो आपणहून वेग कमी करतो. पुन्हा पाकीट गळतं, तो आणखी कमी करतो. शेवटी दोन टोकांचे दोन प्रामाणिक संगणक जवळजवळ काहीच न बोलता बसून राहतात, आणि दोघांच्याही नोंदीत कारण लिहिलेलं असतं: रस्त्यात गर्दी.

माणसाचंही असंच होतं. नळाला पाणी कमी दाबाने आलं की आपण आधी आपलीच तोटी खोलून बघतो. फोन बंद करून चालू करतो, सिम काढून पुसतो, गच्चीवर जातो, कंपनीला शिव्या घालतो, शेवटी ‘जाऊ दे, उद्या बघू’ म्हणतो. त्या ‘उद्या बघू’मध्ये जे लिहायचं, दाखवायचं, विचारायचं होतं ते विरून जातं. ते कुणी काढून घेतलं, हे त्याच्या मनातही येत नाही.

रशियात हे सगळ्यांत पद्धतशीर झालं. २०१९ च्या ‘सार्वभौम इंटरनेट’ कायद्यानंतर तिथल्या सेवादात्यांच्या नेटवर्कमध्ये सरकारी नियंत्रणातली यंत्रं बसवली गेली. १० मार्च २०२१ ला रोसकॉमनादझोर या नियामक संस्थेने ट्विटरची गती कमी केल्याचं जाहीर केलं. संशोधकांनी मोजलं तेव्हा ती सेकंदाला १३० ते १५० किलोबिटच्या आसपास निघाली. ट्विटरचे छोटे दुवे ‘टी डॉट सीओ’ या पत्त्यावरून जातात. यंत्रांना ही अक्षरं शोधायला सांगितलं होतं, पण ती नावात कुठेही आली तरी चालतील अशा ढिसाळ पद्धतीने. ‘मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम’ इंग्रजीत लिहून पाहा. शेवटचा टी, मग टिंब, मग सी आणि ओ. रेडिटचंही तेच. काही संबंध नसताना तीही संकेतस्थळं रांगू लागली. या चुकीमुळेच यंत्र काय वाचतं आहे ते बाहेरच्यांना नीट कळलं.

तीन वर्षांनी यूट्यूबची पाळी आली. जुलै २०२४ मध्ये तिथल्या एका मोठ्या दूरसंचार कंपनीने आधीच सांगून ठेवलं की गूगलची रशियातली उपकरणं जुनी झाली आहेत, त्यामुळे अडथळे येतील. मग २५ जुलैला संसदेच्या माहितीविषयक समितीचे प्रमुख अलेक्सांद्र खिनश्टाइन यांनी लिहिलं की या आठवड्याअखेर संगणकावरच्या यूट्यूबची गती ४० टक्क्यांनी आणि पुढच्या आठवड्याअखेर ७० टक्क्यांपर्यंत उतरेल. यंत्रं आपोआप जुनी होताना असं वेळापत्रक पाळत नाहीत. तरीही दोष गूगलचाच, असं अधिकृतपणे सांगितलं जात राहिलं. यूट्यूब बंदीचा आदेश तेव्हा कुणी काढला का? काढायची गरजच पडली नाही. लोक आपणहून देशी पर्यायांकडे वळू लागले. जून २०२५ मध्ये क्लाउडफ्लेअर कंपनीने नोंदवलं की त्यांच्यामार्फत चालणाऱ्या संकेतस्थळांची रशियात फक्त पहिली १६ केबी पोहोचू दिली जातात आणि मग जोडणी गुदमरते. १६ केबीमध्ये आजच्या वर्तमानपत्राच्या पानाचं शीर्षकही धड दिसत नाही.

इराणने तर ऑक्टोबर २००६ मध्येच घरगुती इंटरनेटला १२८ किलोबिटची मर्यादा घातली होती. जुलै २०१८ अखेर ढाक्यात बसखाली दोन विद्यार्थी चिरडले गेल्यानंतर शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली, तेव्हा ऑगस्टमध्ये मोबाइलचा वेग टू-जीवर आणला गेला. तुर्कस्तानने २०२० च्या कायद्यात टक्केवारीच लिहून ठेवली: मोठ्या समाजमाध्यम कंपनीने देशात प्रतिनिधी नेमला नाही, तर आधी ५० टक्के आणि मग ९० टक्क्यांपर्यंत तिची गती कापता येईल. याच देशात ६ फेब्रुवारी २०२३ ला भूकंप झाला. ढिगाऱ्याखाली अडकलेली माणसं आणि त्यांचे नातेवाईक ट्विटरवर पत्ते टाकत होते: अमुक इमारत, तमुक मजला, आवाज येतोय. सरकारी मदत उशिरा पोहोचल्याबद्दल टीकाही तिथेच होत होती. ८ फेब्रुवारीला अनेक नेटवर्कवर ट्विटर जवळजवळ निरुपयोगी झालं आणि दुसऱ्या दिवशी सुरळीत झालं. टीका आणि पत्ते एकाच नळीतून जात होते. नळी आवळणाऱ्याला त्यातलं एकच आवळता येत नाही.

काश्मीरकडे परत येते, कारण त्यातला एक धागा माझ्या वर्गापर्यंत आला होता.

पुण्यात काश्मिरी विद्यार्थी बरेच असतात. पंतप्रधान विशेष शिष्यवृत्ती योजनेतून आलेला कुपवाडा जिल्ह्यातला एक मुलगा तेव्हा माझ्या वर्गात होता. पहिल्या बाकावरचा, सतत ‘पण का?’ विचारणारा. मी एखादी गोष्ट घाईत सांगितली की त्याचा हात वर. लॉकडाउन लागला आणि तो घरी गेला. ऑनलाइन तास सुरू झाले तेव्हा त्याने आधी कळवलं की चित्र नको, आवाजच पुरे. मग आवाजही तुटू लागला. मी टिपणं साध्या मजकुरात पाठवायला लागले, आकृत्यांचं शब्दांत वर्णन करून. तासाला मात्र तो न चुकता हजर असायचा. प्रश्न लिहायचा, पण तो माझ्या पडद्यावर उमटेपर्यंत वर्ग दोन विषय पुढे गेलेला असे. मी मागे जाऊन उत्तर द्यायचे, बाकीची मुलं चुळबुळ करायची, आणि माझं उत्तर त्याच्यापर्यंत पोहोचलं की नाही हे मला कळायचं नाही. काही आठवड्यांनी प्रश्न यायचे थांबले. त्याच्या वर्गमित्रांना वाटलं, गावाला गेल्यावर अभ्यासातून लक्ष उडालं. नंतर फोनवर बोलताना तो म्हणाला, “मॅम, माझ्यामुळे सगळ्यांना मागे यावं लागत होतं. ते मला बरं वाटेना.”

या वाक्यापाशी मी पुष्कळ दिवस अडून बसले होते. त्याचा प्रश्न कुणी अडवला नव्हता, तरी तो त्याने मागे घेतला. बोलणं वेळेत पोहोचणं हा बोलण्याचाच भाग आहे, हे मला तोवर पुस्तकी अर्थाने माहीत होतं. उशिरा पोहोचणारा माणूस आधी इतरांना अडचणीचा वाटतो, मग स्वतःलाच स्वतःची अडचण वाटू लागते, आणि तो सौजन्याने गप्प बसतो.

सरकारची बाजू मी टाळून पुढे जाणार नाही. काश्मीरमधला दहशतवाद कल्पनेतला नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामात सीआरपीएफचे ४० जवान मारले गेले. जलद इंटरनेटवरून चिथावणीचे व्हिडिओ पसरतात, सीमेपलीकडून सूचना येतात, म्हणून वेग कमी ठेवतो, असं न्यायालयात सांगितलं गेलं. चिंता खरी मानली, तरी उपायाकडे पाहा. कटाचा निरोप चार शब्दांचा असतो, तो टू-जीवरून आरामात जातो. ‘अमुक मशिदीवर हल्ला झाला’ ही अफवाही दोन ओळींची असते. अफवा खोटी आहे हे दाखवणारा व्हिडिओ, सविस्तर बातमी, डॉक्टरांची पुस्तिका, विद्यार्थ्यांचा तास ही सगळी जड सामग्री अडते. वेग कमी करणं हलक्या गोष्टींच्या फायद्याचं असतं, आणि अफवेइतकं हलकं काही नसतं.

यावर आपल्याकडच्या न्यायालयाने फार पूर्वी विचार केलेला आहे, आणि तो खटला मराठी वर्तमानपत्राचा होता, याचं मला अप्रूप वाटतं. १९५६ चा वर्तमानपत्र किंमत व पृष्ठे कायदा आणि त्याखालचा १९६० चा आदेश यांनी ठरवून दिलं की वर्तमानपत्राने किमतीच्या मानाने इतकीच पानं द्यावीत. जास्त पानं द्यायची तर किंमत वाढवा. छोट्या वर्तमानपत्रांना मोठ्यांच्या स्पर्धेपासून वाचवायचं, असं कारण होतं. नानासाहेब परुळेकरांनी १९३२ मध्ये पुण्यात सुरू केलेला ‘सकाळ’ याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याच्यासोबत वाचकांनीही अर्ज केले होते, ही मला त्यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. सरकारचं म्हणणं होतं की आम्ही कुठे काय छापू नका म्हटलंय? लिहा हवं ते. आम्ही फक्त पानांचं आणि किमतीचं बघतोय, तो धंद्याचा भाग आहे. १९६१ मध्ये घटनापीठाने हा आदेश रद्द केला. न्यायमूर्ती ज. र. मुधोळकरांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा असा की किती मजकूर द्यायचा आणि तो किती लोकांपर्यंत न्यायचा, हे दोन्ही अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यातच येतं. पानं कमी केली तर मजकूर घटतो, किंमत वाढवायला लावली तर खप घटतो, आणि दोन्ही वाटांनी आवाजच लहान होतो. धंद्याचं नियमन करताना या हक्काला हात लावता येणार नाही.

पानांच्या जागी मेगाबाइट ठेवा. मला तरी त्या निकालात एक शब्दही बदलावा लागेल असं वाटत नाही.

त्याच न्यायालयासमोर २०२० मध्ये प्रश्न वेगाचा आला. काश्मीरमधल्या बंदीविरुद्ध संपादक अनुराधा भसीन यांनी केलेल्या खटल्यात १० जानेवारीला न्यायालयाने सांगितलं होतं की इंटरनेटवरची अभिव्यक्ती घटनेच्या १९व्या कलमाखाली सुरक्षित आहे, बेमुदत बंदी चालणार नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध करावे लागतील. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती रमणा आणि सुभाष रेड्डी यांच्यासोबत आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती गवई होते. त्यानंतर फोर-जीची मागणी घेऊन पत्रकारांची संस्था आणि खासगी शाळा त्याच पीठापुढे गेल्या. ११ मे २०२० ला पीठाने वेगाबद्दल स्वतः निर्णय दिला नाही. एक विशेष समिती नेमली. अध्यक्ष केंद्रीय गृहसचिव, सदस्य केंद्रीय दूरसंचार सचिव आणि जम्मू-काश्मीरचे मुख्य सचिव. ज्यांच्या खात्यांतून हे निर्बंध आले, त्यांनीच ते गरजेचे आहेत का हे तपासायचं होतं. पुढचे नऊ महिने बहुतांश जिल्ह्यांत ते भिजत घोंगडं तसंच राहिलं. १९६१ च्या न्यायालयाने पानांना दिलेलं उत्तर २०२० च्या न्यायालयाने वेगाला द्यायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

काश्मीरमध्ये निदान वेग कमी केल्याचा लेखी आदेश निघत होता, त्यामुळे न्यायालयात जाण्यापुरता कागद तरी हाती होता. रशियातल्या यूट्यूब पाहणाऱ्याकडे तोही नव्हता. अशा वेळी पुरावा आपल्यालाच तयार करावा लागतो, आणि सुदैवाने तो करता येतो. ऊनी नावाच्या मुक्त प्रकल्पाचं ॲप फोनवर चालतं आणि कोणती संकेतस्थळं कुठे अडतात याच्या नोंदी सगळ्यांसाठी खुल्या ठेवतं. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांच्या ‘वीही’ या ॲपची युक्ती तर मला वर्गात शिकवायला फार आवडते. ते आधी एखाद्या व्हिडिओ सेवेची खरी वाहतूक जशीच्या तशी पुन्हा चालवतं. मग तेवढीच वाहतूक, त्याच आकाराची, पण आतली अक्षरं उलटीपालटी करून. वाटेतल्या यंत्राला दुसऱ्या खेपेला नाव वाचता येत नाही. दुसरी खेप जोरात आणि पहिली संथ गेली, तर गर्दीचं कारण खोटं ठरतं. रस्ता तोच होता.

यंदाच्या शेवटच्या वर्षाच्या एका गटाने हाच विषय प्रकल्पाला घेतला आहे. त्यातली एक मुलगी कोल्हापूरची. जून २०२३ मध्ये शहरात तणाव होता तेव्हा तिथलं इंटरनेट बंद झालं होतं, ते तिच्या लक्षात आहे. पहिल्याच बैठकीत तिने विचारलं, “मॅडम, एकाच सेवेला हळू केलं तर दोन खेपा ताडून बघता येतील. पण काश्मीरसारखं सगळंच हळू केलं तर तुलना कशाशी करायची?” तिचं बरोबर होतं. अशा वेळी तुलना त्याच जागच्या आधीच्या मोजमापांशीच करता येते, आणि ती मोजमापं कुणीतरी आधी घेऊन ठेवलेली असावी लागतात. म्हणून गटाने आपापल्या गावच्या घरांत, नातेवाइकांच्या जुन्या फोनवर, रोज सकाळी आणि रात्री आपोआप मोजणी होईल अशी सोय करायला घेतली आहे. कोल्हापूर, परभणी, सावंतवाडी आणि आमच्याच महाविद्यालयाचं वसतिगृह, अशा चार जागा सध्या ठरल्या आहेत. कुपवाड्याचा तो मुलगा आता बंगळुरूला नोकरी करतो. त्याला कळवलं तर म्हणाला, धाकटी बहीण घरीच असते, एक फोन तिच्याकडेही देऊ या.